तांब्याकडे गेलेला हात

प्रिय कावेरी,

माझं नाव सुभद्राबाई. मी तुझ्या बापाची आई. तुला आठवण राहिली नसेल म्हणून आधी ओळख दिली. गेल्या खेपेला तू तुझा चष्मा आमच्या देवळीत विसरून गेलीस आणि पुण्यात जाऊन दुसरा केलास. इथला आता गल्लीतली वत्सलाबाई लावते. तिला त्यातून काही दिसत नाही, पण कुणी आलं की मास्तरीणबाईसारखी मान वर करून बघते. तुझी मान धडाला जोडलेली आहे म्हणून बरं, नाही तर तीही बसथांब्यावर विसरली असतीस.

हे पत्र दीपमाला लिहितेय, शेजारच्या सुंदररावाची सून. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. मी काही म्हणत नाही, पेन तिच्या हातात आहे. लिहून झालं की फोटो काढून तुझ्या मोबाईलवर टाकेल.

परवा तुझा फोन आला. आज्जी, आमच्या गावोगावच्या अभ्यासाचा निकाल लागला, म्हणालीस. काही गावांत तुम्ही नुसतं बोलून सांगितलं होतं, काही गावांत बायकांकडून करून घेतलं होतं. दोन्हीकडं सारखंच निघालं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात आता कुणी पाणी ओतत नाही, त्याला कुशीवर वळवतात, एकशेआठला फोन लावतात. मग करून घ्यायचा खटाटोप कशाला, एक सभा बास झाली, असं तू पुढच्या महिन्यात मुंबईच्या साहेबांना सांगणार आणि जिल्हाभर तसंच होणार. तू लई खुश होतीस. मी पण हसले. पण तेव्हापासून भाकरीचा घास गोड लागेना.

आपलं गाव नुसत्या सांगण्यातलं. दिवाळी झाली, जवान माणसं ऊस तोडायला कारखान्यावर गेली, मागं राहिलो आम्ही म्हाताऱ्या आणि शाळेची पोरं. तूच म्हणालीस, गाडी येईपर्यंत इथं डॉक्टर म्हणजे या आज्ज्याच. मारुतीच्या पारापुढं सभा घेतलीस. अंदाजानं करायचं नाही, हजारो माणसांचं बघून जे खरं ठरलं तेच करायचं, असं म्हणालीस. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, पाणी फुप्फुसात उतरतं, हे मी पुढं बसून ऐकलं. टाळ्या माझ्याच जास्त होत्या. गल्लीतल्या बायांना नंतर मीच समजावून सांगत होते, जसं काही मीच पुण्याला शिकायला गेले होते.

संक्रांत झाल्यावर सुंदरराव कट्ट्यावर बसून दावं वळत होता. वहिनी, तुमच्या तिळगुळानं माझा दात हलला, असं मला चिडवत होता. बोलता बोलता तोंड वाकडं झालं आणि तो आडवा झाला. मी एकशेआठला फोन लावायला सांगितलं, इथपर्यंत सगळं तू सांगितल्यासारखं. आणि मग, कावेरी, मी तांब्या घेतला. माणूस खाली पडलाय, त्याचे ओठ कोरडे पडलेत, आणि आपण नुसतं बघत बसायचं? आपल्या दारात उन्हातून आलेल्या परक्यालाही आधी पाणी देतात. तुझं बोलणं कानात होतं गं. हातानं ते ऐकलंच नव्हतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी ओतलं. घशात घरघर वाजली. मला वाटलं, पितोय.

गाडीतल्या डॉक्टरनं पहिलं विचारलं ते हेच, पाणी पाजलंत का? मी म्हणाले, छे, माझी नातच हे शिकवते. कुशीवर वळवलं होतं, असंही ठोकून दिलं. डॉक्टरनं मला शाबासकी दिली. पुढं सुंदररावाच्या छातीत न्युमोनिया झाला, ताप हटेना. लकव्यानं झालं की माझ्या पाण्यानं, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण त्या डॉक्टरला खरं कळलं असतं तर त्यानं पुढच्या डॉक्टरला सांगितलं असतं. ती वाट मी बंद केली.

मग तुझी सर्वेवाली मुलगी आली, घरोघर विचारायला. ती यायच्या आधी मी बायांना म्हणाले, माझ्या नातीचं काम आहे, तिचं नाक राखा. पाणी ओतलं असं कुणी बोलायचं न्हाई. वत्सलाबाई म्हणाली, पण मी तर माझ्या भावाला ओतलं होतं. मी म्हणाले, ओतलंस ते ओतलंस, बोलायचं कशाला? नांदूरघाटच्या बाजारात दुसऱ्या गावच्या बाया भेटल्या, त्यांनाही तेच पढवलं. तुझा निकाल, कावेरी, माझ्या तोंडचा आहे.

दीपमालाचा पेन थांबलाय. लिही गं, सगळं लिही. ती आणि तिचा नवरा तेव्हा कारखान्यावर होते. तोड अर्धी टाकून आले. तिलाही मी कुशीवर वळवल्याचंच सांगितलं. तेव्हापासून ही रोज तव्यावरची पहिली भाकरी मला आणून देते. तुम्ही होता म्हणून मामा वाचले, म्हणते. मी ती खाते.

तू विचारशील, आज्जी, हे फोनवर का नाही सांगितलंस? फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मला माफ केलं असतंस, आणि इथं उद्याही भाकरी आली असती. म्हणून हिलाच लिहायला बसवलं. ती मघाशी पेन ठेवून उठून गेली होती. बऱ्याच वेळानं आली, पेन उचलून पुन्हा बसली, म्हणून एवढं तरी तुला वाचायला मिळतंय. तो निकाल साहेबांना देऊ नकोस. पुन्हा ये. आम्हाला विचारू नकोस, आमच्यापुढं माणूस आडवा पाड आणि आमचे हात काय करतात ते बघ. मग हातांनाच शिकव, आपल्या गावातही. आणि सुंदररावाला पातळ काही गिळवत नाही, ठसका लागतो, घट्टसरच द्यायला सांगितलंय. पुण्याहून नाचणीचं सत्त्व पाठव, साखर घातलेलं नको. पुडक्यावर माझं नाव घालू नकोस, दीपमालाचं घाल. त्याला ते माझ्या हातून भरवायचं की नाही, हे तिला ठरवू दे.

तुझीच,
सुभद्रा आज्जी