बंगल्यात कपडे धुणाऱ्यांची खोली

मात्सुहामा,
८ नोव्हेंबर १९७०

ती. मिनेताईस,

सुएचा नमस्कार. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. यंदा बांगडा इतका आला की सुकवायला अंगण पुरत नाही. तुमच्या होक्काइदोत एव्हाना बर्फ पडला असेल.

सम्राटांचा समुद्रकाठचा बंगला आता सार्वजनिक बाग झालाय. सगळा गाव जाऊन आला. मी दोनदा फाटकापासून परतले. काल मात्र गेले.

खरं सांगते, लहान मुलीसारखी भिरभिरत होते. काचा जुन्या, त्यांतून पाहिलं की समुद्र डुलतो. खिळ्यांची डोकीसुद्धा पितळी फुलांखाली झाकलेली. बाबांनी जन्मभर होडीतून नुसती पाइनची रांग आणि छपराचा कोपरा पाहिला.

ओनुमा नावाचे म्हातारे गृहस्थ तिथे खोल्या दाखवतात, पूर्वी बंगल्यावरच माळी होते. मी विचारलं, कपडे धुणाऱ्या बायका कुठे काम करायच्या? ते मला मागच्या बाजूला घेऊन गेले.

ती खोली मी पावलांनी मोजली. पाच पावलं. उंचावर एकच खिडकी, तिच्यातून कुंपणाची भिंत दिसते.

मी म्हटलं, दुपारी तरी त्या बायका समुद्राकडे जात असतील.

"कुठल्या जातायत, बाई," ते म्हणाले. "मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. पुढच्या खोल्या त्यांनी कधी पाहिल्याच नाहीत."

तू तिथे सात वर्षं होतीस, ताई.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी तुला एवढंच विचारलं होतं, "आत कसं आहे गं?" तू मान खाली घालून म्हणालीस, "सांगता येत नाही." मला वाटलं, हा तोरा आहे. त्यांच्या अंत्यविधीला मी चारचौघांत बोलले, की राजघराण्याचे कपडे धुऊन हिला आता घरच्या मासळीची घाण येते. तू चपला घातल्यास आणि निघालीस.

तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच ना? गावात तुझ्या नोकरीचा केवढा मान, आणि बघायला एक भिंत. रचून सांगितलं असतंस तर बाबा सुखानं गेले असते. तुला तेही जमलं नाही, आणि मी त्याला गर्व म्हटलं.

चुकलं माझं. पुढचा उन्हाळा लागायच्या आधी ये. खोल्या आपण दोघी मिळून पाहू.

अकरा वर्षं रागावलेली, पण एकदाही तुला नीट न विचारलेली,
तुझी धाकटी
सुए