शाफ्टचं कडं

१२ फेब्रुवारी

उंट आला – त्याच्या उंचीमुळे मीच ठेवलेलं नाव. वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं, आज थेट गॅरेजच्या दारात! गाडी तीच – मीच मोठं इंजिन बसवलेली. तेव्हा दर रविवारी पाने हातात द्यायला यायचा, माझ्या बायकोच्या हातचा चहा प्यायचा. मग बायकोच घेऊन गेला.

रेसवाल्यांनी तपासणीत गाडी अडवली. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणाऱ्या शाफ्टला कडं नाही म्हणून. बरोबरच अडवली. एवढ्या ताकदीने शाफ्टचा पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुतेल, नाहीतर पत्रा फाडून सीटपर्यंत येईल. भोवती कडं असलं की तिथल्या तिथे झेलला जातो.

म्हटलं, बाकीचे गॅरेजवाले मेले काय? खाली बघत म्हणाला, "तिने सांगितलंय, त्याच्याकडेच करायचं."

ठेव म्हटलं गाडी.

१३ फेब्रुवारी

ताईला फोनवर बोलून गेलो. भडकली. "तुला काही लाज? दारातून हाकलायचंस त्याला."

हाकलता आला असता. पण 'त्याच्याकडेच' हे दिवसभर कानात. घटस्फोटाच्या कागदांवर माझी सही अजून व्हायची आहे. तिचा चहाचा मग गॅरेजच्या खिळ्यावर तसाच आहे. ती परत येईल असं मला अजून वाटतं. इथे लिहायला काय हरकत आहे.

१५ फेब्रुवारी

पट्टी तापवून वाकवली. कडं दोन तुकड्यांत, बोल्टने जोडलेलं – पुढे कधी शाफ्ट काढायचा तर कापाकापी नको. वेल्डिंग करताना मनात वाईट येऊन गेलं. एक सांधा वरवर भरला, वरून रंग मारला, तर कोण बघतंय? पण शेजारच्या सीटवर ती बसते. सांधा घासला, परत भरला.

१६ फेब्रुवारी

बसवलं. गाडी गेली.

१७ फेब्रुवारी

दात घासताना लक्षात आलं. मापं घेतली तेव्हा गाडी लिफ्टवर होती, चाकं लोंबकळत होती! गाडी जमिनीवर आली, माणसं बसली की मागचा अॅक्सल वर सरकतो, त्याच्याबरोबर शाफ्टही. कड्याला घासणार. शिकत होतो तेव्हाही असली चूक केली नव्हती. डोकं कुठे होतं ते मला माहीत आहे.

उंटाला फोन केला. तिने उचलला. म्हटलं, "गाडी फिरवू नका. उद्या हळू चालवत दोघं इथे या, तुम्हाला बसवून माप घ्यायचंय." ती म्हणाली, "बरं." मग, "जेवतोस ना वेळेवर?"

बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो.

१८ फेब्रुवारी

दाढी केली. नवा शर्ट घातला, आणि तो घालून गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. माझ्या अकलेचे दिवे!

आधी उंट बसला, अंगाची घडी घालून. मग ती. मला नुसती पावलं दिसत होती. दार धरून, हळू बसली. गाडी किंचित दबली. कडं आणि शाफ्टच्या मध्ये बोट घातलं. जात होतं, पण अडकत. वर त्यांचं बोलणं चाललं होतं. ती हसली. आमच्या घरात शेवटची कधी हसली होती ते आठवेना.

मग तिचा आवाज, मला उद्देशून – "मागे कुणी बसलं तर?"

"असल्या गाडीत मागे कोण बसणार?"

आमच्याही गाडीची मागची सीट रिकामीच राहिली. डॉक्टरांचे उंबरे झिजवले, शेवटी तो विषयच घरात निघेनासा झाला.

१९ फेब्रुवारी

गाडी ठेवून घेतली होती. कडं काढलं, वरून मोठं करून परत बसवलं. मागच्या सीटवर वाळूची पोती ठेवून तपासलं. तिने विचारलं म्हणून. आता बोट सहज फिरतं. ती पुन्हा आली तर दाखवायचं ठरवलं आहे. तिचा चहाचा मग घासून ठेवला.

२० फेब्रुवारी

उंट एकटाच आला. चावी घेतली, तरी घुटमळत राहिला. म्हणाला, "बाळाची सीट मागे बांधायची तर पट्टे कुठे अडकवायचे? दुसरी गाडी परवडत नाही. ती म्हणाली, बाळ बसणार त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात नको."

जागा दाखवली. भोकं पाडून बोल्ट मीच आवळून दिले. खिळ्यावरचा तिचा मग काढून त्याच्या हातात दिला. कागदही, सही करून.