आईच्या खोलीखालील विहिरीची नळी छपरावर नेण्याबाबत

दिनांक : १० सप्टेंबर

प्रति,
मा. विभागप्रमुख,
रिकामी घरे पुनर्वापर विभाग,
कुरेसावा नगर कार्यालय.

विषय : घर क्र. ३८ मधील लाकडी जमिनीची एक फळी कापण्यास १२ सप्टेंबरच्या दुपारपूर्वी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या योजनेचे नियम ७ आणि ११.
२) माझे ३ व ६ सप्टेंबरचे अर्ज (उत्तर मिळालेले नाही).

महोदय,

१. मी ओबाता मिचिरु, वय ५८. पाणी तपासणी प्रयोगशाळेत छत्तीस वर्षे काम करून यंदा मार्चमध्ये निवृत्त झाले. आपल्या योजनेतून घर क्र. ३८ मी विकत घेतले. दुरुस्ती पूर्ण झाली, तपासणीचा शिक्का बसला आणि १ ऑगस्टपासून मी व माझी आई तोमिए, वय ७९, तेथे राहत आहोत. आज एकेचाळिसावा दिवस. आईने एकावन्न वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढली. हे तिचे पहिले स्वतःचे घर. ही माहिती तांत्रिक नाही, परंतु पुढील मजकूर समजण्यासाठी आवश्यक आहे.

२. आईचे गुडघे गेल्यामुळे तिला जिना चढता येत नाही. म्हणून सुतार श्री. कुसाका यांनी मागच्या अंगणाच्या जागी तिच्यासाठी एक खोली वाढवली. त्या अंगणात जुनी विहीर होती. आधीच्या मालकांनी ती दगडी लादीने झाकली होती आणि रिवाजाप्रमाणे लादीतून एक बांबूची नळी वर काढली होती. नवी खोली नेमकी त्या लादीवर उभी आहे. नळीचे तोंड आता आईच्या अंथरुणापासून दीड हातावर, कोपऱ्यातील फळीखाली उघडे आहे आणि फळीला तीन बोटे रुंद भोक आहे.

हे भोक चुकून राहिलेले नाही. मी श्री. कुसाका यांना विचारले, तेव्हाचे त्यांचे शब्द जसेच्या तसे देते : "विहिरीत देव असतो, बाई. झाकली म्हणून तो काही उठून गेला नाही. त्याचा श्वास कोंडायचा नसतो. चोपन्न वर्षांत मी एकही नळी बुजवलेली नाही."

मी म्हटले, "तुम्ही ती माझ्या आईच्या उशापाशी सोडलीत."

"सोडली नाही, जपली. भोक घासून गुळगुळीत केलंय, जरा हात लावून तर बघा."

भोक खरोखरच सफाईदार आहे. नकाशात त्या जागी एक छोटे वर्तुळ होते. मी ते पाहिले, त्याबद्दल विचारले नाही आणि सही केली. आयुष्यभर लोकांना "हे काय आहे?" असे विचारण्याचाच मी पगार घेतला. या चुकीत माझा वाटा किती, ते आपल्याला कळावे म्हणून नमूद करते.

३. जुन्या विहिरीच्या तळाशी माती आणि कुजलेला पाला हवेतील प्राणवायू शोषून घेतात. उरते ती जड, निरुपयोगी हवा. बाहेरच्या हवेचा दाब स्थिर असला की ती खालीच राहते. दाब उतरला की ती नळीतून वर येते. तिला वास नाही, रंग नाही. ती जमिनीलगत पसरते, आणि आई जमिनीवरच झोपते. मी खाट आणली होती. आईने ती परत पाठवली. "खाटेवर झोपायचं ते दवाखान्यात. मी अजून घरात आहे ना?"

४. २ सप्टेंबर रोजी सकाळपासून दुपारी दोनपर्यंत दाब १०१२ वरून १००३ हेक्टोपास्कलवर आला. त्या वेळी आई जेवून आडवी झाली होती. तिच्याकडे पाळलेले सात झिंगुर, म्हणजे गाणारे रातकिडे, आहेत. त्यांचे किणकिणणे तिला झोपताना लागते आणि त्यांचा पिंजरा ती नेमका त्या कोपऱ्यातील फळीवर ठेवते. मी स्वयंपाकघरात फडताळांना कागद लावत होते. आवाज थांबल्याचे मला थोडे उशिरा जाणवले.

खोलीत गेले तर सातही झिंगुर पाय वर करून पडले होते. आईला हाक मारली. तिने डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या हाकेलाही नाही. मी तिला काखेत हात घालून व्हरांड्यात ओढत नेले. तिथे ती जागी झाली आणि म्हणाली, "अगं, काय माणसाला पोत्यासारखं ओढतेस! झोपले होते मी." तिचे ओठ निळसर होते. डोके संध्याकाळपर्यंत दुखत राहिले. पिंजराही मी बाहेर आणला होता. वीस मिनिटांनी एक झिंगुर हलला, मग दुसरा. पाच वाजेपर्यंत सातही किणकिणू लागले. आईचा निष्कर्ष असा, की तेही झोपले होते.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून प्राणवायूमापक उसना आणला. गटारात उतरणारे कामगार वापरतात, तोच. नेहमीच्या हवेत २०.९ टक्के प्राणवायू असतो आणि १८ च्या खाली हे यंत्र ओरडते. ५ सप्टेंबरला दाब फक्त सहा अंकांनी उतरला. त्या दिवशी आईच्या उशीवर १७.२ आणि फळीच्या भोकाशी ११ टक्के नोंद झाली. तक्ता सोबत जोडला आहे.

५. भोक बुजवावे, अशी सूचना आपल्या खिडकीवरील कु. नागाए यांनी केली. मी तसा प्रयत्न केला. ओले फडके कोंबले, तर ही हवा जमिनीच्या फटींतून येऊ लागली. शिवाय आई रोज सकाळी ते फडके काढून, धुऊन, वाळत घालते आणि कोपऱ्याला वाकून माफी मागते. मला म्हणाली, "तुझ्या नाकात कुणी चिंधी कोंबली तर चालेल का तुला?"

यात वाद घालण्याजोगे काही नाही. नळी बुजवायचीच नाही. ती फक्त लांब करायची आहे. फळी एक वीत कापून नळीला दुसरी नळी जोडायची, भिंतीतून बाहेर काढायची आणि छपराच्या वर न्यायची. विहिरीचा श्वास मोकळा राहील आणि आईचाही. श्री. कुसाका यांनाही हे मान्य आहे. पण ते म्हणाले, "शिक्का बसलेल्या फळीला करवत लावली, तर माझा परवाना जाईल." मी त्यांच्यासमोर भोकापाशी मेणबत्ती नेली. ती विझली. पुन्हा पेटवून नेली, पुन्हा विझली. त्यांनी तिसऱ्यांदा स्वतः नेऊन पाहिली आणि टोपी घालून निघून गेले.

६. आता नियमांविषयी. नियम ७ नुसार तपासणीनंतर घरात फेरफार करायचा तर लेखी परवानगी लागते आणि ती सलग नव्वद रात्री घरात राहिलेल्यांनाच मिळते. नियम ११ नुसार त्या नव्वद रात्रींत घरातील कोणीही एक रात्र बाहेर काढली, तर विक्री रद्द होऊन घर नगराकडे परत जाते. घर सुरक्षित करण्यासाठी त्यात आणखी एकोणपन्नास रात्री झोपणे आवश्यक आहे. मी हे दोन्ही नियम अनेकदा वाचले. माझ्या वाचनात चूक असेल तर कृपया दाखवून द्यावी. मला आनंद होईल.

६ सप्टेंबर रोजी खिडकीवर झालेले संभाषण :

"बाई, घर राहण्यायोग्य नाही म्हणता, मग राहता कशा?"

"राहतो म्हणूनच तर कळलं."

"म्हणजे राहता येतं. तसं लिहू का?"

मी विचारले, वादळात आम्ही निवारा केंद्रात झोपलो तर? "स्थलांतराचा आदेश निघाला, तर ती रात्र आम्ही धरू. पण तुमची आळी उंचावर आहे हो, तिथे कधीच आदेश निघत नाही. नशीबवान आहात!"

कु. नागाए सौजन्याने वागल्या. त्यांनी मला पाणी दिले.

७. १२ सप्टेंबरच्या दुपारी वादळ आपल्या नगरावरून जाणार आहे. दाब ९७५ पर्यंत उतरेल असा अंदाज आहे. म्हणजे सदतीस अंक. सहा अंकांना आईच्या उशीवर १७.२ होते. सरळ प्रमाण लावणे शास्त्रीय नाही, म्हणून मी सदतीस अंकांचे उत्तर येथे लिहीत नाही. मी ते काढले आहे. त्याच दिवशी नगराच्या सूचनेप्रमाणे दारे-खिडक्यांवरच्या सर्व वादळी झडपा लावून घ्यायच्या आहेत. झडपा लावल्या की खोली म्हणजे झाकण लावलेला डबा.

आई घर सोडायला तयार नाही. "एक रात्र बाहेर झोपले आणि हे गेलं, तर परत कुठे जाऊ? पुन्हा घरमालकाच्या पाया पडायचं? वारा येईल, जाईल. मी इथेच आहे." मी तिला प्राणवायूचे आकडे दाखवले. तिने चष्मा लावून ते नीट वाचले आणि म्हणाली, "अक्षर छान आहे गं तुझं."

८. विनंती एकच. श्री. कुसाका यांना एक फळी एक वीत कापू द्यावी. ते जमत नसेल, तर १२ तारखेची एक रात्र नियम ११ मधून वगळावी. दोन्हींपैकी काहीही चालेल. तोंडी निरोपही चालेल. मी फोनजवळच आहे.

उत्तराची वाट पाहणारी,

ओबाता मिचिरु
घर क्र. ३८, वरची आळी, कुरेसावा

ता. क. (१२ सप्टेंबर, सकाळी ७.१०) : अर्ज परवा खिडकीवर घेतला गेला नाही. प्रत्येक जोडपत्राची दुसरी प्रत हवी होती. आता दोन प्रती जोडून स्वतः आणून देत आहे.

दरम्यान काल संध्याकाळी श्री. कुसाका न बोलावता आले. हातात करवत, मीठ आणि साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली होती. "परवाना गेला तर गेला. चोपन्न वर्षं पुष्कळ झाली." त्यांनी विहिरीच्या देवासाठी कोपऱ्यात मीठ ठेवले, साके शिंपडली आणि फळी कापली. आई भोकात वाकून म्हणाली, "रागावू नका हं. वर जा, तिथून डोंगर दिसतो." नळी जोडून छपरावर नेली आहे.

विनंती तरीही कायम आहे. जोडाला लावलेला मसाला सुकायला चोवीस तास लागतात. त्यातले अकरा झाले. वादळ पाच तासांत येईल. सध्या दाब ९९८. उशीवर २०.६. सकाळी सहाला २०.८ होते.

हा अर्ज आपल्या हाती येईल तेव्हा मी घरी परतलेली असेन. आम्ही दोघी आत असू आणि झडपा लावलेल्या असतील. कोणाला पाठवणे शक्य असल्यास, मागच्या दाराला कडी लावलेली नाही. आत येणाऱ्याने आधी झिंगुरांचा आवाज येतो का, ते ऐकावे. येत नसेल तर खाली वाकू नये. दार उघडे टाकून थेट आईला बाहेर ओढावे. ती रागावेल. लक्ष देऊ नये.

सोबत (प्रत्येकी दोन प्रती) :
१) दाब व प्राणवायू यांचा तक्ता, ५ ते १२ सप्टेंबर.
२) खोलीचा नकाशा, वर्तुळासह.
३) कापलेली फळी, एक वीत. हिची दुसरी प्रत नाही. फळीवरील आपल्या विभागाचा तपासणीचा शिक्का शाबूत आहे.