बा जेवला ती संध्याकाळ

यवतमाळ,
जानेवारी १९६१

प्रिय भिया,

बा बरा आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. गुलाबसिंगकाकानं तुला नागपूरला तार केली, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच आशा सोडली होती. मुदतीचा ताप उतरला, दवाखान्यातून सोडलं, पण बानं अन्नच टाकलं. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचं काम संपलं, पोटात काही गेलं पाहिजे. पुन्हा दाखवायचं होतं म्हणून आम्ही तांड्यावर न जाता काकाच्या खोलीवर राहिलो. नवऱ्याचा ताप उतरला, एवढा निरोप याडीला धाडला. काका इथं कापसाच्या जिनात कामाला. रोज बाहेर जेवतो, त्यामुळे चौकातलं एकूणएक हॉटेल त्याला पाठ.

माझी पेज, मऊ भात, सगळ्यापासून बा तोंड फिरवायचा. मग मी डबा घेऊन काकाच्या मागे निघाले. टॉकीजजवळच्या मारवाडी भोजनालयातली खिचडी आणली, तर त्याला तुपाचा वास सोसेना. खानावळीतलं वरण आणलं, एक घास घेतला आणि म्हणाला, हे वरण आहे का गुळाचं पाणी? रेडिओवाल्या हॉटेलात नुसते आलूबोंडे आणि गाणी. तिथं आपली आरशांची फेटिया-काचळी घातलेली मी डबा घेऊन उभी राहिले, तर सगळे कपबशी हातात धरून माझ्याकडेच बघत राहिले. हसू नको.

काल दिवस कलताना बाच वैतागला. म्हणाला, डबे बंद कर, मले बाहेर ने. दोघांनी दोन बाजूंनी धरून नेला. कापूस बाजाराच्या मागे तानाबाई नावाची बाई गाडीवानांसाठी रांधते. पाटी नाही, टेबल नाही, पोत्यांवर बसायचं. दारव्ह्याकडचे गाडीवान जेवत होते. त्यांच्यात कापसाची गोष्ट निघाली आणि बा त्यात कधी शिरला कळलंच नाही. बोलता बोलता त्यानं ताकातल्या कण्या मागितल्या. खाल्ल्या. पुन्हा मागितल्या. मी चुलीमागे जाऊन डोळे पुसले. तानाबाईला वाटलं, धूर लागला.

मला वाटलं आता खोलीवर जाऊ. पण दिवे लागत होते, पानठेले उघडले होते, आणि बा म्हणाला, आलोच आहो तर थोडं फिरू. टॉकीजसमोर पहिल्या खेळाची गर्दी जमवायला बँड वाजत होता. तू बँडपार्टीत गेलास तेव्हापासून आपल्या घरात बाजाचं नाव निघत नाही. कुणाच्या वरातीत बँड आला तरी बा उठून जातो. मी त्याला दुसऱ्या गल्लीकडे वळवू लागले, पण त्यानं माझा हात सोडवला आणि तो टॉकीजच्या पायरीवर बसला. एक हडकुळा माणूस तुझ्यासारखंच क्लॅरिनेट वाजवत होता, तुझ्याच वयाचा. लोक आत जाईपर्यंत बा ऐकत राहिला. मग त्यानं त्या माणसाला विचारलं, जेवला का? तो म्हणाला, दुसऱ्या खेळाचंही वाजवायचं आहे, मग बघू.

मग आम्ही खोलीवर परतलो. अंथरुणावर टेकल्यावर बा म्हणाला, "आपला देवसिंग बी असाच उभ्यानं वाजवत असन. त्याले कोनी इचारत असन का, जेवला का म्हनून?"

भिया, तार मिळूनही तू का आला नाहीस, हे मला ठाऊक आहे. मेलो तरी येऊ नको, असं बा स्वतःच म्हणाला होता आणि तू ते धरून बसलास. आज सकाळी चहा पिता पिता त्यानंच मला कागद घ्यायला सांगितलं. काय लिहू विचारलं, तर त्यानं आधी बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "ये म्हनावं. आन तुही पिपानी तिकडं ठेवून येऊ नको म्हनावं."

रविवारी आम्ही छोट्या रेल्वेगाडीनं तांड्यावर निघतो. तू सरळ तिकडेच ये.

वाट बघणारी, तुझीच बहीण
जमनी