नातं नसल्याची सही

प्रिय अवधूत,

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला बेसमेंटमधून पत्र लिहायचं म्हणजे तू हसशीलच. हस. पण समोरासमोर हा विषय काढला की तू डिशवॉशर लावायला उठतोस, नाहीतर तुला अचानक कुणाचा तरी कॉल येतो. रविवारी तर जेवण अर्धं टाकून गॅरेजमध्ये जाऊन बसलास. म्हणून हे कागदावर. निदान शेवटपर्यंत वाच.

देवदत्त गेले, मी एकटी उरले आणि आमचं ट्रॉयचं घर विकावं लागलं. त्यांच्या आजारपणाने मागचं-पुढचं सगळं खाल्लं होतं. तू म्हणालास, ताई, दुसरं मिळेपर्यंत खाली राहा. दोन बॅगा घेऊन आले, त्याला दोन हिवाळे झाले. त्या सरकारी हाउसिंग व्हाउचरसाठी अर्ज केला तेव्हा देवदत्त होते. भाड्यातलं झेपेल तेवढं आपण द्यायचं, उरलेलं सरकार परस्पर घरमालकाला देतं. यादीत माझं नाव वर येईपर्यंत ते थांबले नाहीत. व्हाउचर आलं तेव्हा वाटलं, सुटले. मग कळलं, ते घेणारा घरमालक ठरावीक मुदतीत आपणच शोधायचा. नाही सापडला तर व्हाउचर परत, आणि आपण पुन्हा यादीच्या तळाला. या वयात ती यादी मी पुन्हा चढणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

फोनवर सगळे गोड बोलायचे. व्हाउचर म्हटलं की घर नेमकं आदल्या दिवशी गेलेलं असायचं. एका बाईने मला सगळं किचन दाखवलं, शेगडी कशी लावायची तेही दाखवलं. व्हाउचरचं नाव काढल्यावर तिला आठवलं की तिथे तिचा भाचा राहायला येणार आहे. आपल्या माणसांकडेही गेले. जिच्या सुनेच्या डोहाळजेवणाला मी दिवसभर लाडू वळत बसले, ती म्हणाली, शैलजा, तू आणि सरकारी मदत? जसं काही मी दुकानातून काही उचललं होतं. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. तुझ्या चारुताने चहा आणून दिला.

मग तू भाड्याने दिलेला तो छोटा फ्लॅट, तुझा कॉन्डो, रिकामा झाला आणि तू म्हणालास, ताई, व्हाउचर मला दे ना. इन्स्पेक्शन झालं, खिडकीची कडी बदलून झाली. देव कुठे मांडायचे तेही मी ठरवून टाकलं. शेवटच्या भेटीत व्हाउचरच्या ऑफिसातल्या त्या पोरीने सहज विचारलं, घरमालकाला तुम्ही कशा ओळखता? मी मोठ्या दिमाखात सांगितलं, ही इज माय ब्रदर. तिचं टायपिंग थांबलं. भावाच्या घरासाठी व्हाउचर चालत नाही, हा नियम मला काय ठाऊक.

दुसरं काय सांगणार होते मी? तू नागपूरहून नवा आलेला, दिवाळीत एकटा, पाठीवर बहीण नाही, म्हणून देवदत्तांनी तुला भाऊबीजेला ओढून आणलं. पाट नव्हता. मायक्रोवेव्हच्या खोक्यावर बसवून ओवाळलं आणि खोकं तुझ्यासकट खाली बसलं. तेव्हापासून आपली एकही भाऊबीज चुकली नाही. आयसीयूत फक्त घरच्यांना सोडायचे, तिथेही मी ब्रदरच सांगितलं, आणि शेवटच्या रात्री देवदत्तांच्या उशाशी तू होतास. तुझी राधिका तर बोलायला लागल्यापासून मला आत्याच म्हणते. सख्खा की मानलेला, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मानलेला भाऊ म्हणजे काय, ते त्या पोरीला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी तिला पटलं. दोघांनी लिहून द्या, म्हणाली, की तुमचं काहीही नातं नाही. आणि तू अडून बसलास. ‘आय ॲम नॉट साइनिंग दॅट, ताई. विषय संपला. खाली राहा, आयुष्यभर राहा.’

राहिले असते रे. पण चारुताचे आईवडील पुण्याहून यायचे ते दोनदा पुढे ढकललं. कारण कुणी सांगत नाही, पाहुण्यांची खोली मात्र ही एकच आहे. चारुता कधी एका शब्दाने बोलली नाही. फक्त जिन्यात माझी चाहूल लागली की फोनवरचा आवाज खाली आणते. तिला दोष देऊ नकोस. तिच्या जागी मी एवढं सोसलं नसतं. दुपारी लसणाची फोडणी द्यावीशी वाटते, पण वर वास जाईल म्हणून देत नाही. अवधूत, मला माझ्या स्वतःच्या किचनमध्ये भाजी करपवायची आहे. दार आतून लावायचं आहे. आणि मला भीती वाटते की मी इथेच, राधिकाच्या खोलीखाली मरेन, आणि मग पोरीला हे घर कधी आवडणार नाही.

शुक्रवारी मुदत संपते. काल तू कामाला गेल्यावर मी व्हाउचरच्या ऑफिसात जाऊन आले. अवधूत माझा भाऊ नाही, आमचं काही नातं नाही, असं माझ्या हाताने लिहिलं आणि खाली सही केली. त्या पोरीने माझं वय बघून मला पाणी आणून दिलं. त्यात खोटं काहीच नाही रे, म्हणूनच जास्त लागतं. तोच कागद या पत्राखाली ठेवला आहे. तुझी जागा रिकामी आहे. मी तुझ्याकडे हट्ट म्हणून कधी काही मागितलं नाही, आज मागते. सही कर. एकदा लिहून दे, की मी तुझी कुणी लागत नाही.

कागदावर कुणीही नसलेली, तरी तुझीच,
शैलजाताई