रंगवलेले वळ

रविवार, ९ तारीख, दुपार

प्रिय दादा,

सादर नमस्कार. तू पाठवलेला चष्मा मिळाला. नाकावर नीट बसतो, कानामागे टोचत नाही, आणि नंबरही बरोबर आहे. म्हणजे आता कामात चुका झाल्या तर डोळ्यांवर ढकलायची सोय राहिली नाही. हे पत्र घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच, बसून वाच.

इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे दमलेली आहे. मालिकेचं काम इतक्यात संपेल असं दिसत नाही. तुला मागे फोनवर सांगितलं होतं, घर सोडून पळालेल्या पोरांची मालिका आहे. सहा मुलं एका बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात संसार थाटतात. पाणी नसलेला तलाव, निळ्या फरशा, खोल बाजूला गाद्या. विनोदी आहे, पण हसून झाल्यावर आपण कशाला हसलो असं वाटावं अशा जातीची. दर आठवड्याला त्यांच्यातला एक जण पाळीने 'बाप' होतो. त्याने बाकीच्यांवर ओरडायचं, उशीर का झाला विचारायचं, जेवताना मोबाइल काढून घ्यायचे. त्यांना घर तर नको असतं, आणि बापावाचून करमतही नाही. लेखक पोरसवदा आहे, पण हुशार. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले होते.

माझं काम नेहमीचंच, कंटिन्युइटीचं. शिडी उतरायला लागलेल्या मुलाची डावी बाही दुमडलेली असेल, तर खाली पोचल्यावरही डावीच दुमडलेली हवी, मग त्या दोन शॉटच्या मधे आठवडा का गेलेला असेना. दिवसभर मोबाइलवर फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी माणसं फोटोशी जुळवायची. जुळली नाहीत की ओरडायचं. तलावाच्या तळाशी उभं राहून पाय भरून येतात, धुळीने घसा बसतो. घरी आल्यावर रोजनिशीत दोन ओळीसुद्धा होत नाहीत. ज्या होतात त्याही हल्ली खऱ्या नसतात, असं काल मागची पानं चाळताना वाटलं.

हे सगळं मी तुला कशाला सांगते आहे? जे सांगायचं आहे ते पुढे ढकलता यावं म्हणून.

खारू माझ्याकडे आहे.

सुखरूप आहे. जेवते, झोपते, माझ्या उशीवर ओले केस टाकून झोपते म्हणून माझी बोलणी खाते. आधी श्वास घे. उठून फोन लावू नकोस, मी आज उचलणार नाही.

घर सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुडिओच्या फाटकाशी उभी होती. पाठीला कॉलेजची सॅक, पायात घरात घालायच्या चपला. म्हणाली, "आत्या, दोन दिवस राहू दे. बाबांना सांगू नको. आणि काही विचारूही नको." मी विचारलं नाही. तेव्हा मला तो माझा समजूतदारपणा वाटला. परीक्षेत काहीतरी बिनसलं असेल, तू ओरडला असशील, दोन दिवसांत निवळेल. घरी एकटीला ठेवायला मन होईना म्हणून कामावर सोबत नेऊ लागले. तिथे गर्दीत उभी करायला मुलं लागतातच. मुलं पुरवणाऱ्याने तिला वय विचारलं, अठरा पूर्ण ऐकलं आणि रांगेत घेतलं.

कपड्यांचं बघणाऱ्या बाई तिला बघून म्हणाल्या, "अहो, ही पोरगी पळून आल्यासारखी वाटतच नाही. हिच्या शर्टाला इस्त्री आहे!" मग त्यांनी तो शर्ट काढून घेतला आणि चहाच्या पाण्यात बुडवलेला एक बिनबाह्यांचा अंगात चढवला. तरी दिग्दर्शकाचं समाधान नाही. "हिला मागे उभी करा. सहलीला आल्यासारखी दिसते." खारूने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मी हसू दाबलं.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. तुझा आवाज इतका खोल गेलेला मी आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता. "काही कळलं का गं?" मी नाही म्हणाले. मग तू म्हणालास, "एक काम कर. हिच्या माहेरचे विचारतात, शेजारचे विचारतात. मी सांगून टाकलंय, ती आत्याकडे गेलीय, तिकडे कोर्स लावलाय. कोणी तुला फोन केलाच तर हो म्हण."

खारू समोरच बसून नखं कापत होती. मी तिच्याकडे बघत म्हटलं, "बरं. ती इथेच आहे असं सांगीन."

"नीट ठसक्यात सांग," तू म्हणालास. "तुला धड खोटं बोलता येत नाही."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघी हसत सुटलो. मग ती हसता हसता उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

वहिनीने नंतर सांगितलं की दुकान बंद केल्यावर तू तिचा फोटो घेऊन बसस्टँडवर उभा असतोस, येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला दाखवतोस. ते ऐकून मला राहवेना. तुझा नंबर लावला. पहिली रिंग गेली आणि मी फोन कापला. का कापला, ते पुढे लिहिते.

खारू रांगेत उभी राहिली त्याच दिवशी मालिकेतली मारामारी होती. बाहेरची मुलं तलावात घुसतात आणि सगळ्यांना बडवतात. गर्दीतल्या मुलांनाही जखमा. मेकअपच्या मावशी हे काम जीव ओतून करतात. सुजलेला डोळा करायला मिळाला की दिवसभर खूश असतात. शूटिंग सुरू होण्याआधी मी प्रत्येकाचे फोटो काढले. खारूच्या डाव्या दंडावर चार बोटं उमटलेली होती, आतल्या बाजूला अंगठा. जांभळी, कडेला हिरवट. मी फोटो काढला आणि पुढच्या मुलाकडे वळले. एवढ्या पोरांच्या अंगावर एवढे वळ होते, दादा. घरी ती उकडत असूनही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची, ते मला खटकलं नव्हतं. कोणाची बाही कुठपर्यंत आहे हे बघण्याचा मला पगार मिळतो.

दृश्य लांबलं. आधी दिवे बिघडले, मग एका मुलाचा पाय मुरगळला. मधे बरेच दिवस गेले. पुन्हा सुरू झालं तेव्हा मी नेहमीसारखी मोबाइल हातात घेऊन रांगेवरून फिरत होते, आणि खारूपाशी येऊन ओरडले, "मावशी, हिच्या दंडावरचे वळ राहिले!"

मावशी धावत आल्या. फोटो बघून म्हणाल्या, "अगं बाई, हो की. पण हे मी नव्हते काढले. कोणी काढले होते गं? फार सुरेख होते. मला अंगठा असा जमत नाही." त्यांनी हाताखालच्या मुलीला विचारलं, तिने मान हलवली. "जाऊ दे, आण इकडे फोटो." आणि माझा मोबाइल समोर धरून, स्पंजने टिपून टिपून, त्यांनी ती बोटं परत उमटवली. खारू दंड पुढे करून उभी होती. मावशींना सवय आहे, रंग लावताना गमतीने विचारतात, "दुखतंय का गं?"

"आता नाही," खारू म्हणाली.

तेव्हाही मला कळलं नाही. हे वाक्य लिहिलं खरं, पण त्याच्यावर माझाच विश्वास बसत नाही. मला वाटतं कळलं होतं, आणि मी पुढच्या मुलाची पट्टी कोणत्या गुडघ्यावर आहे ते बघायला गेले. पुढचे काही दिवस रोज सकाळी मीच मावशींना फोटो दाखवत होते आणि रोज सकाळी ते वळ ताजे होत होते. परवा रंग लावून झाल्यावर खारू जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, माझे खरे गेले ना आता. मग हे कधी पुसायचे?"

मी त्या संध्याकाळी विचारलं. तिने सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. दंड धरून तू तिला भिंतीशी नेलंस, आणि मग दुसऱ्या हाताने. ही पहिली वेळ नव्हती. तुझा राग कशावरून होता तेही तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं की तू त्याच्यावरच बोलत बसशील.

कालपासून तुझे हात डोळ्यांसमोर येतात. म्हाताऱ्या बाईच्या कानामागची काडी तू किती अलगद वाकवतोस. लहान मुलाला पहिला चष्मा घालताना म्हणतोस, "आता सांग बरं, आईला डोळे किती?" तोही तूच. हे दोन्ही मी शेजारी शेजारी ठेवून बघते आहे आणि ते जुळत नाहीत. की जुळतात, आणि मला ते बघायचं नाही?

आता फोन कापल्याचं. मी स्वतःला सांगितलं की तू रडशील आणि मला ते ऐकवणार नाही. खरं म्हणजे तू ओरडशील याची भीती वाटली. मी चाळिशी ओलांडलेली, स्वतःचं कमावणारी बाई, शंभर माणसांच्या युनिटला दरडावते, आणि तुला फोन करायचा म्हटलं की अजूनही आधी पदर, ओढणी, काय असेल ते सारखं करते. तू माझ्यावर कधी हात उचलला नाहीस. मग ही भीती कुठली, याचा विचार मी आजवर केलाच नव्हता. तुझं चुकलं तेव्हा सगळ्यांनी गप्प बसायचं, हे आपल्या घरात इतकं मुरलेलं आहे की मी वेगळ्या शहरात, वेगळ्या घरात राहूनही तेच करत आले. खारूला 'काही विचारू नको' हे चालवून घेणंही त्यातलंच.

हे पत्र मी तुला दुखवायला लिहिते आहे की मला बरं वाटावं म्हणून, हेही तपासून बघितलं. दोन्ही थोडं थोडं असेल. तरी लिहायला हवंच होतं.

खारू माझ्याकडे आहे हे वहिनीलाही ठाऊक नव्हतं. एका आईला मी इतके दिवस तशीच तळमळत ठेवलं, हे माझं चुकलं. पत्र टाकून आले की तिला फोन करणार आहे. यापुढे रोज करणार आहे. तुझा राग तिच्यावर निघाला, तर तिच्या आवाजावरून मला कळेल. तिला इकडे यावंसं वाटलं तर माझ्याकडे जागा आहे.

खारूला विचारलं, बाबांना काय लिहू? ती बराच वेळ चमचा पुसत राहिली. म्हणाली, "बसस्टँडवर उभं राहू नका म्हणावं. पाय सुजतात त्यांचे." मग म्हणाली, "आणि येऊही नका."

तर दादा, तिला लिही. परत ये असं लिहू नकोस, माफ कर असंही इतक्यात नको. काय केलंस ते लिही, साध्या वाक्यांत, राग आला म्हणून, काळजीपोटी, असलं काही न जोडता. पाकिटावर तिचं नाव घाल, माझं नको. मी ते तिच्या हातात देईन. वाचायचं की नाही, आणि वाचून काय करायचं, हे ती ठरवेल. वर्षभर ठरवलं नाही तरी मी तिला घाई करणार नाही आणि तुलाही करू देणार नाही.

न विचारता आलास, तर मी दार उघडणार नाही. हे एवढं वाक्य लिहायला मला सबंध दुपार लागली.

सध्या फक्त,
खारूची आत्या