बँडवाल्याची हार्ड डिस्क

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पूर्वी बँडपथकात क्लॅरिओनेट वाजवणे आणि सध्या घरात बसणे, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. "कोणत्या ठिकाणावर ते लिहिलं नाही," असा शेरा पत्नीने तो वाचून मारला. छातीचे दुखणे लहानपणापासूनचे आहे, ते आता वरचढ होत चालले आहे, म्हणून हा खटाटोप.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. एक कागद मात्र न वाचता सही करून दिला होता, त्याची हकीकत कलम चारमध्ये येईल. हा कागद मी तीनदा वाचला आहे.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची गॅलरी, माझ्या पश्चात पत्नीचे आणि तिच्या पश्चात मुलीचे. पत्नीने त्यात राहावे, भाडेकरू ठेवावा किंवा विकून मुलीकडे जावे, कोणाला विचारण्याचे कारण नाही. गॅलरीचे दार फुगले आहे, ते किंचित उचलून ओढले की लागते. हे मी तिला अनेकदा सांगितले आहे, पण ती मलाच उठवते.

कलम दोन. बँकेतील ठेव पत्नीची. आकडा लिहून हसे करून घेत नाही.

कलम तीन. क्लॅरिओनेट, तिची पेटी आणि तोंडाशी बसवायच्या उरलेल्या पत्त्या मुलीला द्याव्यात. मुलगी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, तिला वाजवता येत नाही, पण वस्तू पुसून जागच्या जागी ठेवणे तिच्याइतके कोणालाच जमत नाही. तिने ती विकू नये. जमिनीवर कधीही ठेवू नये. टेबल-खुर्ची नसेल तर हातात धरून उभे राहावे, पाय दुखले तरी चालेल.

कलम चार. बक्षिसाचे गाण्यांचे यंत्र आमच्या पथकातील ढोलवाला भोपळ्या याला द्यावे. यंत्र बंद आहे. भोपळ्याने तीस वर्षे माझ्या पाठीमागे ढोल बडवला आणि त्यानंतर माझ्या नावाने बडवला, दोन्ही कामे मनापासून केली.

आता हकीकत. आमचे पथक माझ्या थोरल्या भावाचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत, मी दादा म्हणतो. ते कॉर्नेट वाजवत आणि आम्हा सगळ्यांना चाली त्यांनीच बसवून दिल्या. एका लग्नाची सुपारी उरकून, उन्हाने भाजून निघालेले आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात थंड बाटल्या प्यायलो. माझ्या झाकणाच्या आत बक्षिसाचा नंबर निघाला. खिशात मावेल असे गाण्यांचे यंत्र, आणि वर्षभर हवी तेवढी गाणी फुकट उतरवून घेण्याची मुभा. माझ्यापेक्षा दादांनाच जास्त आनंद झाला. त्यांनी सगळ्या पथकाला चहा पाजला आणि "आमच्या क्लॅरिओनेटला लॉटरी लागली" म्हणून रस्ताभर सांगत सुटले. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झाले ते दादांच्या मत्सरामुळे झाले असे बोलणारी काही तोंडे आहेत. ती तोंडे खोटी आहेत.

बक्षीस घ्यायला कंपनीने गणवेशात बोलावले. लाल कोट, सोनेरी गोंडे, छातीवर पथकाचे नाव. एका मुलीने कागद पुढे केला आणि बोट ठेवले तिथे मी सही केली. मग फोटोवाला क्लॅरिओनेटकडे बघून म्हणाला, "ते खाली ठेवा." मी ठेवली. जमिनीवर, माझ्या बुटांपाशी. त्याने माझ्या कानात वायरी अडकवल्या, त्यात काहीही वाजत नव्हते, आणि डोळे मिटून हसायला सांगितले. मी हसलो. भोपळ्या सोबत होता, त्याचे म्हणणे पडले की फुकटात फोटो निघतोय, काढून घे.

महिन्याभराने आमच्या पथकाच्या दुकानाच्या बरोबर समोर, चौकात, दुमजली घराएवढा फलक लागला. त्यावर मी. पायाशी क्लॅरिओनेट पडलेली. खाली अक्षरे: "बँड कशाला? खिशात आहे की!"

दादा दोन वर्षे त्या फलकासमोर दुकान उघडून बसले. गिऱ्हाईक दर विचारायला यायचे आणि मान वर करून बघायचे. एक मुलीचा बाप घासाघीस करताना म्हणाला की मास्तर, आता तर तुमचेच लोक असे सांगतात, आणि त्याने फलकावरच्या माझ्याकडे बोट केले. मी खाली स्टुलावर बसलेलो होतो. त्याने मला ओळखले नाही, एवढीच काय ती देवाची दया. त्या सगळ्या काळात दादा मला फलकावरून एकच वाक्य बोलले. "पेटीत तरी ठेवायचीस."

रात्री जाऊन तो फलक फाडावा असे कितीदा मनात आले. गेलो नाही. उन्हाने माझा चेहरा पुसट होत होत नाहीसा झाला, तेव्हाच तो उतरला. कंपनीच्या फोटोवाल्याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये, चहासुद्धा विचारू नये.

कलम पाच. फुकट उतरवलेली आणि नंतर हौसेने जमवलेली गाणी, अंदाजे नऊ हजार, मुलीने स्वतःकडे ठेवावीत किंवा पुसून टाकावीत. ती उतरवायला मला तिनेच शिकवले. वर्षभर मी कॉम्प्युटरच्या दुकानात असा ठाण मांडून बसायचो की मालक बाहेर जाताना गल्ला माझ्यावर सोपवायचा. आम्ही रस्त्यावर जी गाणी वाजवली ती मुळात कशी आहेत, हे मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. दादांनी ती कुठेतरी ऐकून उचललेली, आम्ही दादांकडून. कागदावर कधीच काही नव्हते.

आणि मग मी माती खाल्ली.

लग्नाच्या शेवटी आम्ही नेहमी एक धीमी चाल वाजवायचो. तिची दुसरी ओळ दादा कॉर्नेटवर दोनदा घ्यायचे, मग मी क्लॅरिओनेट उचलायचो. मूळ गाण्यात ती ओळ एकदाच आहे. हा शोध मला पचला नाही. सरावाच्या वेळी, सगळ्या पोरांसमोर, मी बोललो. "दादा, तीस वर्षं आपण चुकीचं वाजवतोय." एवढ्यावर थांबलो असतो तरी खपले असते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, मी यंत्र स्पीकरला जोडून सर्वांना ते गाणे ऐकवले. बघा, एकदाच आहे. भोपळ्यानेसुद्धा खाली मान घालून ढोलाच्या दोऱ्या आवळायला घेतल्या, यावरून काय ते समजावे.

दादांनी कॉर्नेट पुसली. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "यंत्रात बरोबर आहे ना? मग आता त्याच्याच साथीला वाजव."

मी तिथून उठलो तो परत गेलो नाही. आधी तोऱ्यात गेलो नाही, नंतर लाजेने. काही वर्षांनी पथक मोडले, दादांनी वाद्ये विकली. हे मला पत्नीकडून कळले आणि तिला वहिनीकडून. या दोघी जावांनी बोलणे एक दिवसही थांबवले नाही. त्यांच्या भेटीगाठी आपल्याला माहीतच नाहीत, असे आम्ही दोघे भाऊ दाखवत आलो.

कलम सहा. हे मुख्य कलम आहे. बाकीचे नाही वाचले तरी चालेल.

नऊ हजार गाण्यांत आमचे पथक कुठेही नव्हते. ते कोण कशाला ठेवील? मग मी आम्ही जिथे वाजवले त्या घरी जाऊन लग्नाच्या चित्रफिती मागू लागलो. त्यांतला आवाज तेवढा काढून घ्यायचा आणि फीत परत करायची. प्रत्येक दारात लोक क्षणभर निरखून बघत आणि मग विचारत, "तुम्ही ते फलकावरचे ना?" मी हो म्हणायचो. काही घरांत आतून मुलांना बोलावून मला दाखवले. एका घरात म्हातारबुवांनी फीत दिली, पण देताना म्हणाले, "भावाचा धंदा बुडवलात तुम्ही." फीत घेऊन पुढच्या दारात गेलो.

अशा फितींचे तुकडे मी एका वेगळ्या हार्ड डिस्कवर जमवले. कुठे दोन मिनिटे, कुठे अर्धे. मध्येच पाहुणे बोलतात, लहान मूल रडते, कोणीतरी चप्पल हरवल्याचे ओरडते. पण दादांची कॉर्नेट त्या सगळ्याच्या वर स्वच्छ ऐकू येते.

गेल्या वर्षी बेकरीवाल्याच्या मुलीच्या लग्नाची फीत मिळाली. त्या लग्नात मी नव्हतो, छातीच्या दुखण्यामुळे दवाखान्यात पडून होतो. शेवटची धीमी चाल आली. दादांनी दुसरी ओळ वाजवली आणि पथक पुढे गेले. एकदाच वाजवली. मला वाटले फीत उडाली, म्हणून पुन्हा लावली. मग डिस्कवरचे बाकीचे सगळे तुकडे काढून ऐकले. मी असलेल्या प्रत्येक लग्नात ती ओळ दोनदा आहे. पहिल्या वेळी ओळ संपते आणि क्लॅरिओनेट येतच नाही. तिथे मी श्वास घेत असतो. एका फितीत कॅमेरा जवळ होता, तर माझी धाप चक्क ऐकू येते. दादा मागे वळतात, तीच ओळ पुन्हा घेतात, आणि मग मी येतो.

म्हणजे दादांना मूळ चाल ठाऊक होती. माझ्या छातीत हवा भरावी म्हणून ते तीस वर्षे ती ओळ पुन्हा वाजवत होते, आणि इतके सहज की पथकाला, मलासुद्धा, चालच तशी आहे असे वाटू लागले. आणि मी ती त्यांची चूक म्हणून पोरांसमोर स्पीकरवर ऐकवली. तेव्हाही ते खरे कारण बोलले नाहीत. बोलले असते तर मान माझी खाली गेली असती.

हे कळल्यावर मला इतकी लाज वाटली की आरशासमोर दाढी करवेना. दोनदा दादांच्या जिन्यापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. शेवटी पत्नीच्या हाती हार्ड डिस्क पाठवली. दादांनी कोणी पाठवली विचारले, तिने माझे नाव सांगितले, पिशवी न उघडता परत आली. "मास्तरला यंत्रातलं काही नको," असा निरोप होता.

म्हणून ती हार्ड डिस्क मी या मृत्युपत्राने माझे थोरले बंधू यांना देतो. मेलेल्याची वस्तू ते परत कोणाला करतील? हा डाव आहे हे मला मान्य आहे. त्यांनी बेकरीवाल्याचा तुकडा आधी ऐकावा आणि मग बाकीचे. म्हणजे मला काय कळले ते त्यांना कळेल, आणि मला तोंडाने सांगावे लागणार नाही. समोर उभे राहून सांगण्याची माझी छाती नाही.

कलम सात. मला नेताना कोणतेही वाद्य अथवा स्पीकर लावू नये. माझ्या तोंडाने आजवर पुरेसा आवाज केला आहे.

जोडटीप, वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून. सह्यांसाठी आज दोन साक्षीदार हवे होते. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी आले. दुसरा कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक ठरला होता, पण दार वाजले तेव्हा दारात दादा होते. पत्नी एकदम स्वयंपाकघरात कामाला लागली, तेव्हा हे कारस्थान कोणाचे ते कळले. दादा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वाचा." साक्षीदाराने मजकूर ऐकायची गरज नसते असे वकीलसाहेबांनी सांगून पाहिले. दादा पुन्हा म्हणाले, "वाचा." मग वकीलसाहेबांनी पहिल्या ओळीपासून सगळे मोठ्याने वाचले. मी तेवढा वेळ गॅलरीच्या दाराकडे बघत बसलो. माझ्या आयुष्यात इतका लांब कागद कधी नव्हता.

वाचून झाल्यावर दादांनी पेन मागितले. वकीलसाहेबांनी बजावले, की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. "मास्तर, तुम्ही सही केलीत तर कलम सहा रद्द होईल."

"रद्दच करा," दादा म्हणाले आणि सही केली.

मी मेल्यावरसुद्धा ते ती डिस्क घेणार नाहीत, असेच मला वाटले. त्यांनी पेनाचे टोपण लावले, पेन वकीलसाहेबांना दिले आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

"सात वर्षांनी मोठा आहे मी तुझ्याहून. तू मरेपर्यंत काय वाट बघत बसू? आत्ताच दे."

सबब कलम सहा रद्द समजावे. सदर हार्ड डिस्क आज संध्याकाळपासून दादांच्या घरी असून ती माझ्या मिळकतीत धरू नये. त्यांना ती सुरू करता येत नाही, म्हणून उद्या सकाळी मला बोलावले आहे.

लिहून ठेवणार: सही (क्लॅरिओनेटवाला)

साक्षीदार: सही (लिहून ठेवणाऱ्याचे थोरले बंधू, बँडमास्तर)

साक्षीदार: सही (घड्याळजी, खालचा मजला)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली

तारीख: चालू महिन्याची नऊ, रविवार